"तुम्ही बसा हो" म्हणणं आधी बंद करा: वृद्धाश्रमातल्या मंडळींना खुर्चीतून उठतं कसं करायचं

आमच्याकडे नवीन मावशी कामाला लागली की पहिल्या दिवशी मी तिला एकच गोष्ट सांगते, इथे कुणालाही "तुम्ही बसा, मी आणून देते" म्हणायचं नाही. ती बघतच राहते माझ्याकडे. घरी तिला हेच शिकवलेलं असतं ना, की म्हाताऱ्या माणसाला जागचं उठू द्यायचं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात न्यायचा, तीच सेवा. आणि ही बाई म्हणतेय आणून देऊ नकोस, मग मला पगार कशाचा, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी ९ वर्षं सुपरवायझर आहे. ४० च्या आसपास मंडळी, फिजिओ मॅडम आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे पाच दिवस आम्ही आणि आमच्या मावश्या-मामा. त्यामुळे हे लिहितेय ते थोडं फिजिओ मॅडमकडून ऐकलेलं, थोडं वाचलेलं आणि बरंचसं पॅसेजमध्ये उभं राहून शिकलेलं. तुमचे आईवडील अशा ठिकाणी असतील, तुम्ही स्वतः असं काही चालवत असाल, किंवा घरीच आजी दिवसभर कॉटवर बसून असेल तरी चालेल, सगळीकडे गोष्ट तीच आहे.

आधी वही घ्या

व्यायामाचा तक्ता, योगावाले सर, खुर्चीवरची झुंबा वगैरे नंतर. आधी एक दिवस, साधाच वार, सणाचा नको, एका माणसावर लक्ष ठेवा आणि तो किती वेळा उभा राहिला तेवढंच वहीत लिहा. मी एका ७८ वर्षांच्या आजींचं लिहिलं होतं. काठीशिवाय चालणाऱ्या आजी, गुडघे थोडे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. सकाळी ६ चा चहा पलंगावर. आंघोळीला व्हीलचेअरवरून, कारण फरशी ओली आणि मावशीला घाई. नाश्ता खोलीत. पेपर खुर्चीत. जेवायला हॉलमध्ये २० पावलं, तेवढंच काय ते. दुपारी झोप, ४ चा चहा परत पलंगावर, आणि संध्याकाळी ७ ला जी सिरीयल सुरू होते ती १० लाच संपते. रात्री हिशोब केला तर दिवसभरात बाई ८ वेळा उभ्या राहिल्या होत्या आणि त्यातल्या ५ वेळा संडास-बाथरूमसाठी. वर मजा म्हणजे त्यांच्या फाइलमध्ये "चालत्या-फिरत्या" असं लिहिलेलं, मीच लिहिलेलं.

त्या दिवशी मला कळलं की आजी आळशी नाहीत, आपण त्यांचा दिवसच असा लावून दिलाय की उठायचं काही कारणच उरत नाही. सगळं जागेवर येतं. माणूस कारणाशिवाय उठत नाही हो, आपण तरी उठतो का?

बसून बसून होतं काय ते थोडक्यात सांगते, कारण मावश्यांना कारण कळलं की त्या करतात, नुसती ऑर्डर दिली की समोर करतात आणि पाठ फिरली की बंद. पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्या करतात, पोटरी हलली नाही की संध्याकाळपर्यंत पावलं सुजतात, मोज्याचा वळ उठतो. आतडी सुस्तावतात, मग बद्धकोष्ठ, मग इसबगोल, मग रोजची तीच तक्रार. एकाच जागी वजन पडून माकडहाडाशी कातडी लाल होते आणि तिथून जखम व्हायला वेळ लागत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मांड्या. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, साठी-सत्तरीच्या चांगल्या निरोगी लोकांना १० दिवस फक्त अंथरुणात ठेवलं तर त्यांच्या पायांचं साधारण किलोभर मांस उतरलं. १० दिवसांत! आपल्याकडे तर ताप आला की "पडून राहा महिनाभर" असा सल्ला फुकट मिळतो.

पण उलटंही होतं, आणि ते मला जास्त आवडतं. १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धगृहातल्या १० जणांना, सरासरी वय ९०, ८ आठवडे पायांना वजन लावून जरा जोरकस व्यायाम दिला. जे शेवटपर्यंत टिकले त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! म्हणून कुणी म्हणालं ना की "आता या वयात काय फरक पडणार", तर त्यांना हे ऐकवा.

उठवण्याआधी बघायच्या गोष्टी

इथे मी एकदा माती खाल्लीय, म्हणून जरा सविस्तर. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट, मला नवीन उत्साह. एक आजी दुपारची झोप काढून जाग्या झाल्या आणि मी लगेच "चला चला, फेरी मारू" म्हणून हाताला धरून उभं केलं. दोन पावलं टाकली, डोळे फिरले आणि बसल्या खाली. मी धरलं म्हणून आपटल्या नाहीत, हाड वाचलं, पण चूक शंभर टक्के माझी. आडवा माणूस एकदम उभा राहिला की रक्तदाब खाली येतो, म्हातारपणी आणि काही गोळ्यांवर जरा जास्तच येतो. आता आमचा नियम आहे: आडवा माणूस आधी बसणार, पाय खाली सोडून दोन मिनिटं बसणार, पावलं १० वेळा वरखाली करणार, मग उभा राहणार, आणि उभं राहिल्यावर १० आकडे मोजून मगच पहिलं पाऊल.

सिस्टरला सांगून प्रत्येकाचं बीपी एकदा ५ मिनिटं आडवं असताना आणि मग उभं केल्यावर १ आणि ३ मिनिटांनी बघून घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर डॉक्टरांना कळवायचं. बऱ्याचदा गोळीची वेळ किंवा डोस बदलून काम होतं. झोपेच्या गोळ्या, लघवी होण्याच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या, बीपीच्या गोळ्या, यांच्यावर डॉक्टरांची नजर एकदा फिरवून घ्याच, पण स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही. इन्सुलिनवाल्यांना उपाशीपोटी चालवायचं नाही आणि माझ्या खिशात साखरेची पुडी कायम असते. ज्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय किंवा हार्टचा त्रास आहे त्यांचं डॉक्टरांना विचारूनच.

मग पाय बघा. अक्षरशः खाली बसून पाय बघा. नखं वाढून बोटात घुसलेली असतात, कुरूप असतं, भेगा असतात, आणि आपण म्हणतो आजोबा चालायला कंटाळा करतात. एका आजोबांचं चालणं फक्त नखं कापून सुधारलं, खोटं नाही सांगत. रबरी स्लिपर बंद, सटकते आणि पाय फरफटवायची सवय लागते, मागे पट्टा असलेली सँडल घ्या, वेल्क्रोची असेल तर त्यांची त्यांना लावता येते. मॅक्सी घोट्याच्या वर हवी, साडी जरा उंच नेसवा, लुंगीचं टोक लोंबू देऊ नका. चष्मा पुसा. हो, चष्मा पुसा, तेलकट काचांतून पायरी काय दिसणार.

खुर्ची. आमच्या हॉलमध्ये कुणीतरी देणगीत दिलेले दोन मऊ सोफे होते, दिसायला झकास, त्यात माणूस रुतला की क्रेनच लागायची. मी ते ऑफिसमध्ये हलवले, आता ट्रस्टी त्यात रुततात. बसल्यावर मांडी जमिनीला समांतर राहील आणि पावलं पूर्ण टेकतील अशी खुर्ची हवी, साधारण १७-१८ इंच उंच, हाताचे दांडे असलेली, आणि जड. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची उठताना मागे सरकते, ती भिंतीला टेकवूनच ठेवायची.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे ९० टक्के लोक उलटं करतात, सिनेमात पण उलटंच दाखवतात. काठीची किंवा वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीशी यायला हवी. आणि काठीच्या खालचं रबर झिजलंय का बघा, मिळतं ते मेडिकलमध्ये.

पुढे सरका!

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे एक आजोबा आहेत, एसटीत कंडक्टर होते, आयुष्य गाडीत उभं राहून काढलेलं. इथे आले आणि खिडकीशी खुर्ची धरून बसले ते बसलेच. फिजिओ मॅडम त्यांना उठायचं टेक्निक शिकवत होत्या, पहिली स्टेप खुर्चीच्या कडेशी पुढे सरकायचं, आणि आजोबा एकदम जुन्या आवाजात ओरडले, "पुढे सरका, पुढे सरका!" अख्खा हॉल हसला. तेव्हापासून आमच्याकडे उठायची पद्धत कंडक्टरी भाषेतच शिकवतात, आणि खरं सांगते, मॅडमच्या चार्टपेक्षा ही लक्षात राहते.

तर पद्धत अशी. एक, पुढे सरका, म्हणजे ढुंगण डावं-उजवं करत खुर्चीच्या कडेपर्यंत यायचं, मागे रेलून उठायचा प्रयत्न करायचाच नाही. दोन, पावलं मागे घ्या, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, पायांत वीतभर अंतर. तीन, हात खुर्चीच्या दांड्यांवर, वॉकरवर नाही, वॉकर ओढला तर अंगावर येतो. चार, पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं पाहिजे, बहुतेक सगळे इथेच चुकतात कारण पुढे पडू अशी भीती वाटते, पण वाकल्याशिवाय वजन पायांवर येतच नाही. पाच, डबल बेल! म्हणजे आजोबा तोंडाने "टिंग टिंग" करतात आणि सगळे उठतात. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, हे आमच्याकडच्या प्रत्येकाला माहितीये, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्या आजींनासुद्धा, त्यांना आज कुठला वार ते कळत नाही पण टिंग टिंग झालं की त्या उठतात.

बसताना सिंगल बेल. मागची खुर्ची दोन्ही पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे यायचं, हात दांड्यांवर, आणि हळूऽ खाली. धपकन बसायचं नाही. हळू बसणं हाच अर्धा व्यायाम आहे, मांड्या तिथेच कमावल्या जातात, शिवाय धपकन बसून मणक्याला फ्रॅक्चर झालेलं मी बघितलंय.

आणि मदत करणाऱ्याने काखेत हात घालून उचलायचं नाही, हाताला धरून ओढायचं तर नाहीच नाही. लकवा झालेल्या माणसाचा खांदा असाच निखळतो. बाजूला, थोडं मागे उभं राहा, दुर्बळ बाजूला, एक हात कमरेच्या पट्ट्याला. असा रुंद पट्टा सर्जिकलच्या दुकानात मिळतो, नाहीच मिळाला तर मागवून घ्या पण ओढणीवर भागवू नका. ओढणीवरून आठवलं, काही ठिकाणी आजी "सारख्या उठतात" म्हणून त्यांना ओढणीने खुर्चीला बांधून ठेवतात. तुमच्या माणसाला असं बांधलेलं दिसलं तर तिथल्या तिथे भांडा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, तीही लिहून ठेवा.

दिवसच असा लावा की उठावंच लागेल

त्या कंडक्टर आजोबांना मी व्यायाम कर म्हणून वर्षभर मागे लागले होते, ढिम्म. मग एक दिवस मी त्यांच्या हातात पॅड आणि पेन्सिल दिली, म्हटलं आजोबा दुपारच्या चहाची ऑर्डर तुम्ही घ्या, प्रत्येक खोलीत जाऊन, चहा की कॉफी, साखरेचा की बिनसाखरेचा. १८ खोल्या. पहिल्या दिवशी ५ खोल्या करून दमले, बाकीच्या मावशीने केल्या. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण १८, आणि आता खांद्याला एक जुनी चामड्याची पिशवी अडकवून जातात, मुलाने घरून आणून दिली. त्यांचा दिवसातला अर्धा तास चालणं होतं आणि त्यांनी त्याला आजपर्यंत व्यायाम म्हटलेलं नाही. लंडनमध्ये १९५३ साली एक मोठा अभ्यास छापून आला होता, दोनमजली बसमधल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा, दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हार्टचा त्रास बसून गाडी चालवणाऱ्यांपेक्षा कमी निघाला. हे आजोबांना सांगितलं तर म्हणे, "आमच्या ड्रायव्हरला मी तेव्हाच सांगायचो."

तेव्हा काम द्या. खोटं काम नको, त्यांना लगेच कळतं. पूजेची फुलं तोडणं, तुळशीला पाणी, टेबलावर ताटं-वाट्या मांडणं (स्टीलची ताटं जड असतात, दोन-दोनच द्या), नॅपकिनच्या घड्या उभ्याने टेबलावर करायच्या, भाजी निवडायला बसायचं ठीक आहे पण मेथीची जुडी स्वयंपाकघरातून तुम्हीच घेऊन या आणि निवडलेली परत नेऊन द्या. पेपर खोलीत द्यायचा नाही, हॉलमध्ये ठेवायचा. पाण्याचा जग पलंगापासून चार पावलांवर. चहा पलंगावर बंद, ज्यांना खरंच उठता येत नाही ते सोडून. पहिले १५ दिवस शिव्या खाल्ल्या मी यावरून, एका काकांनी तर ट्रस्टींना पत्र लिहिलं. पण चहासाठी माणूस येतो हो, चहासाठी सगळे येतात.

टीव्ही बंद करायला जाऊ नका, बंड होईल. जाहिराती लागल्या की उभं राहायचं, एवढाच नियम. सिरीयल संपेपर्यंत दोन-तीन ब्रेक होतातच, प्रत्येक ब्रेकला डबल बेल, उभं राहायचं, जागच्या जागी २० पावलं, बसायचं. जे पूर्ण उभे राहू शकत नाहीत त्यांनी दांड्यावर जोर देऊन ढुंगण खुर्चीपासून उचलायचं तरी. आणि रिमोट टीव्हीजवळच ठेवायचा, ही माझी दुष्ट आयडिया.

आरती हा तर तयार व्यायाम आहे आपल्याकडे. संध्याकाळी १०-१५ मिनिटं उभं राहणं, टाळ्या वाजवल्या की खांदे-कोपर हलतात, बसलेल्यांच्या हातात टाळ द्या. फक्त शेवटी स्वतःभोवती फिरतात ना, तिथे सांभाळा, डोळे मिटून एका जागी गिरकी घेतली की हमखास तोल जातो. आम्ही सांगून ठेवलंय, खुर्चीची पाठ धरून छोटी छोटी पावलं टाकत फिरायचं, देवाला चालतं. नवरात्रात भोंडला, मध्ये पाटावर हत्ती आणि भोवती निम्म्या उभ्या निम्म्या खुर्चीत. आषाढीला पॅसेजमध्ये दिंडी, आमच्यातल्या तिघी पूर्वी आळंदीहून पंढरपूरपर्यंत चाललेल्या आहेत, त्यांच्यापुढे "चालवत नाही" म्हणायची बाकीच्यांची हिंमत होत नाही.

फेऱ्यांचा तक्ता ही आयडिया पण कंडक्टर आजोबांचीच. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली होती, दर १ जूनला ते सगळ्यांना हे ऐकवतात. मग भिंतीवर पुणे ते नगर रस्ता काढला, वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर, सुपा, नगर. आमचा पॅसेज २५ मीटर, जाऊन-येऊन ५०, म्हणजे २० फेऱ्यांचा एक किलोमीटर. सगळ्यांच्या फेऱ्या मिळून धरायच्या, म्हणजे एकीच्या दोन आणि दुसऱ्याच्या १५ असल्या तरी गाडी एकच. साधारण १२० किलोमीटरला आम्हाला पहिल्यांदा महिन्याच्या वर लागलं, मध्ये पावसाने फरशा ओल्या म्हणून चार दिवस गाडी शिरूरलाच उभी. रांजणगावला मोदक झाले, वाटेतल्या गणपतीला असं कसं सोडणार.

व्यायामाची वेळही हवीच

नुसत्या कामाने ताकद आणि तोल पुरेसा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची गाइडलाइन ६५ च्या वरच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान ३ दिवस ताकद-तोलाचे व्यायाम सांगते. १५० ऐकून घाबरू नका, त्यातच असंही म्हटलंय की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं. आम्ही सकाळी ११ ला २० मिनिटं करतो, नाश्ता जिरलेला आणि जेवण व्हायचं. खुर्चीतून उठबस ५, मग दम, परत ५. खुर्चीची पाठ धरून टाचा वर. पाठ धरून एक पाय बाजूला. बसून गुडघा सरळ करून ५ आकडे धरायचा, जमायला लागलं की घोट्याला वाळूची पिशवी, अर्ध्या किलोपासून. एकामागे एक पाऊल ठेवून उभं राहणं, मागे भिंत पुढे खुर्ची. श्वास कोंडायचा नाही, मोठ्याने आकडे मोजले की आपोआप कोंडत नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही एवढाच दम लागावा.

जे व्हीलचेअरवर किंवा पलंगावर आहेत त्यांना यातून वगळू नका. फुगा हाताने टोलवणं, पावलं वरखाली, गुडघे वाकवून ढुंगण उचलणं, स्वतःच्या हाताने जेवणं, स्वतः केस विंचरणं. दिवसातून चार वेळा पलंगाच्या कडेला पाय सोडून आधाराशिवाय बसणं हाही व्यायामच.

पार्किन्सन्सवाल्यांचे, म्हणजे कंपवात असलेल्यांचे, पाय दारात चिकटल्यासारखे होतात. ओढू नका. फरशीवर आडव्या रंगीत चिकटपट्ट्या लावा, पट्टी ओलांडायला पाय उचलतो, किंवा "एक दोन, एक दोन" ठेका द्या, आणि चालताना त्यांच्याशी गप्पा मारू नका. डिमेन्शियाच्या आजी संध्याकाळी येरझाऱ्या घालतात त्यांना थांबवू नका, वाट मोकळी करा, पायपुसणी आणि वायरी उचला, बाहेरचं गेट तेवढं बघा.

मावश्या आणि मुलं

खरी अडचण म्हाताऱ्या मंडळींची नाहीच. मावशीला एका आजोबांना व्हीलचेअरवरून हॉलमध्ये न्यायला २ मिनिटं लागतात, चालवत न्यायला १०, आणि तिच्याकडे असे ८ जण. तिला बोल लावून उपयोग नाही. आम्ही असं केलं, जाताना चालत, येताना व्हीलचेअर, आणि रोज सगळ्यांना नाही, आज या तिघांना उद्या त्या तिघांना, पाटीवर नावं. आंघोळीच्या वेळा पण जरा पसरवल्या, सगळ्या ८ च्या आत उरकायच्या असा काही कायदा नाही.

मुलांचा फोन येतो, "आईला चालवता म्हणे, पडली तर जबाबदार कोण?" मी चिडत नाही आता. सांगते, पडण्याची भीती खरी आहे, पण न चालवता बसवून ठेवलं तर पाय जातील आणि मग संडासाला उठतानाच पडतील, ते पण रात्री. आम्ही काय काळजी घेतो ते दाखवते, संडासात पकडायचा दांडा, रात्रीचा बारीक दिवा, उशाशी घंटी, आणि सगळं बोलणं फाइलमध्ये लिहून त्यांची सही घेते. रविवारी भेटायला येतात तेव्हा खुर्च्यांचा गोल करून बसू देत नाही, म्हणते आईला घेऊन बागेत एक चक्कर मारा, तिथे बोला. फराळाचा डबा पण तिलाच उघडू दे.

कधी थांबायचं हे मावश्यांना पाठ हवं: छातीत दुखणं किंवा दाबल्यासारखं, बोलता येत नाही इतका दम, चक्कर, दरदरून घाम, तोंड किंवा हात एका बाजूला लुळा वाटणं, एकच पोटरी सुजून गरम आणि दुखरी होणं. पोटरीवाल्याला चोळायचं नाही, चालवायचं नाही, सरळ डॉक्टर.

फरक पडतोय का ते महिन्यातून एकदा मोजा. १७ इंची खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर घडी, ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहता आलं. हाताचा आधार घेतला की शून्य. ८० ते ८४ च्या बाईला ९ च्या खाली आणि पुरुषाला १० च्या खाली आलं तर पडण्याचा धोका जास्त धरतात. दुसरी चाचणी, खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष ठेवा. आमच्यातले अर्धे शून्यावर होते सुरुवातीला, हे आकडे बघून निराश होऊ नका, शून्याचं दोन झालं तरी त्या माणसाला संडासातून एकट्याने उठता येतं.

आणि सुरुवात ४० जणांपासून करू नका. एक माणूस, एक वही, एक काम. सोमवारपासून नको, सोमवारी आमच्याकडे चादरी बदलायच्या असतात आणि मावश्या आधीच वैतागलेल्या असतात, मंगळवारी चहापासून सुरू करा.